वसंतपत्राचे सतरा वाचक

गेरोल्ड विटकोपच्या पत्रपेटीवर ‘जाहिराती टाकू नयेत’ अशी पट्टी चिकटवलेली होती, आणि गेली सव्वीस वर्षं तो जाहिराती लिहूनच पोट भरत होता. यात काही चुकतंय असं त्याला कधी वाटलं नाही. त्या गल्लीत एकूण एक पेटीवर ती पट्टी होती, आणि गल्लीपेक्षा वेगळं वागण्याचं धाडस मिंडेन गावात सहसा कुणी करत नाही. शनिवारी घरापुढचा फूटपाथ झाडायचा, दुपारी एक ते तीन गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, रविवारी भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही आणि जाहिराती घरात घ्यायच्या नाहीत. गेरोल्ड यातलं सगळं पाळायचा. जाहिराती लिहायच्या त्या दुसऱ्या गावातल्या लोकांसाठी, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्याची कंपनी बागेचं सामान घरपोच विकायची. पावसाचं पाणी साठवायची पिंपं, रबरी नळ्या, कात्र्या, आणि गोगलगायींनी कोबीकडे फिरकू नये म्हणून लावायच्या पत्र्याच्या पट्ट्या. ‘आभाळ फुकट देतंय, तुम्ही फक्त झाकण उघडा’ हे वाक्य गेरोल्डचं. त्या वाक्यावर पिंपं किती विकली गेली हे कुणी मोजलं नव्हतं. तरी दर मंगळवारी केगेलच्या क्लबात, म्हणजे सात प्रौढ पुरुष लाकडी चेंडूनं नऊ खुंट्या पाडतात आणि त्यापेक्षा जास्त बिअर पितात तिथे, तो हा विषय काढायचाच. मी आहे म्हणून कंपनीची नळी विकली जाते, असं तो म्हणायचा आणि बाकीचे सहा जण ग्लासात बघायचे.

मग कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी लिखाणाच्या खात्यात नऊ माणसं कशाला, तीन पुरेत, असं ठरवलं. गेरोल्ड सत्तावन्न वर्षांचा होता. सत्तावन्नाव्या वर्षी मिंडेनमध्ये माणसाला नवी नोकरी मिळत नाही, सल्ले मिळतात. शिवाय क्लबात तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न त्याला नोकरीपेक्षाही मोठा वाटत होता.

नव्या मालकांनी खात्यावर स्वेन्या थोमझेन नावाची चौतीस वर्षांची बाई आणून बसवली. पहिल्याच दिवशी तिनं जाहीर केलं की आजपासून सगळे एकमेकांना तू म्हणणार. गेरोल्डला शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी तुम्हीवरून तूवर यायला अकरा वर्षं लागली होती, आणि त्या दिवशी दोघांनी रीतसर ग्लास भिडवले होते. इथे ते सकाळी सव्वानऊला, उभ्याउभ्या, कागदी कपातल्या कॉफीवर उरकलं.

दुसऱ्या दिवशी स्वेन्यानं तिचा सिद्धांत मांडला. कंपनीनं पाठवलेली मेल कुणी वाचत नाही. मित्रानं पाठवलेली मेल माणूस वाचतो. तेव्हा वाचकानं आपलं पत्र आपल्या मित्रांना पाठवलं पाहिजे, आणि सुरुवात घरापासून व्हावी. येणारं वसंतपत्र खात्यातल्या प्रत्येकानं निदान पंधरा ओळखीच्या माणसांना फॉरवर्ड करायचं. कुणी किती पाठवली हे भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलं जाईल. त्या फळ्याचा आणि तीन जागांचा काही संबंध आहे असं ती म्हणाली नाही. नाही असंही म्हणाली नाही.

पत्राखाली खरं तर ‘मित्राला पाठवा’ असं हिरवं बटणच ठेवायचं होतं. ते हेर, म्हणजे श्रीयुत, आपेल यांनी काढायला लावलं. लोकांची खासगी माहिती कंपनीनं नीट सांभाळली की नाही हे बघायला आपेलना नेमलेलं होतं, आणि ते ती इतकी नीट सांभाळायचे की कधीकधी कुणालाच सापडायची नाही. ज्यानं मागितलं नाही त्याला कंपनीनं पत्र पाठवणं हा गुन्हा, मग ते मित्राच्या हातून का असेना, असं त्यांचं म्हणणं. मात्र एखाद्यानं घरून, स्वतःच्या पत्त्यावरून, स्वतःच्या जबाबदारीवर पाठवलं तर त्यातलं आपल्याला काही ठाऊक नाही, असं सांगून ते खिडकीबाहेर बघू लागले.

गेरोल्ड घरी येऊन कामाला लागला. त्याच्याकडे पत्त्यांची तयार यादी होती. ती बायकोनं, आल्मुटनं, नाताळच्या शुभेच्छा पाठवण्यासाठी केली होती आणि तीत सतरा नावं होती. शेजारी, क्लब, तिची मावसबहीण, दोन जुने सोबती.

आल्मुट इस्त्री करत होती. ती म्हणाली, “ते नाताळचे लोक आहेत, गेरोल्ड. त्यांना एप्रिलमध्ये पिंप कशाला विकतोस?”

“विकत नाहीये. वाटून घेतोय,” गेरोल्ड म्हणाला. हा शब्द स्वेन्याचा होता. आल्मुटनं इस्त्री उभी केली आणि पुढचा शर्ट घेतला.

शनिवारी संध्याकाळी त्यानं स्वतःला आलेलं वसंतपत्र उघडलं आणि प्रत्येकाच्या नावानं एकेक करून सतरा वेळा पुढे पाठवलं. सतरा हा आकडा खात्यात सर्वांत मोठा ठरला. सोमवारी फळ्यावर तो पहिला होता. सव्वीस वर्षांत त्याचं नाव कुठल्याही फळ्यावर आलं नव्हतं, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत तो दोनदा त्या बाजूनं जाऊन आला.

आता इथे एक बारीकसा तपशील आहे. अशा प्रत्येक पत्राच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ असते: ‘यादीतून नाव कमी करा’. गेरोल्डला आलेल्या पत्राखालची ती ओळ गेरोल्डच्या नावाशी जोडलेली होती. ती कुणीही, कुठेही बसून दाबली तरी नाव कमी होणार ते गेरोल्डचंच. हे त्याला माहीत असायला हवं होतं, कारण ती ओळही त्यानंच लिहिली होती. पण इतक्या बारीक अक्षरातलं कुणी वाचेल असं त्याला वाटलं नाही. लिहिणाऱ्याची वाचकांबद्दलची ही अशी समजूत असते.

दुसऱ्या कुठल्या देशात लोकांनी ते पत्र बघून टोपलीत टाकलं असतं. इथे तसं होत नाही. इथे घर सोडलं की पालिकेत जाऊन नाव कमी करायचं, कुत्रा मेला की त्याचं नाव कमी करायचं, देवावरची श्रद्धा उडाली तरी सरकारी कचेरीत जाऊन चर्चच्या यादीतून नाव कमी करून घ्यायचं. आपलं नाव नको त्या यादीत आहे या विचारानं इथल्या माणसाला जेवण जात नाही. सतरापैकी सतरा जणांनी चष्मा लावून तळापर्यंत वाचलं आणि ती ओळ दाबली. पुढे दोन पर्याय उघडायचे. एक, फक्त जाहिराती नकोत. दोन, या कंपनीकडून कुठलंच पत्र नको. सोळा जणांनी पहिला पर्याय निवडला. एकानं दुसरा.

त्या आठवड्यात मनुष्यबळ खात्यानं लिखाणाच्या नऊही जणांना एक पत्र पाठवलं. इथेच राहायची इच्छा असेल तर पुढच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत तसं कळवा, उत्तर आलं नाही तर राजीखुशीनं जाताय असं धरू. कामगार मंडळानं आग्रह धरला होता की इतकी गंभीर गोष्ट माणसाला ऑफिसच्या टेबलावर कळू नये, घरी निवांत कळावी. म्हणून ते पत्र प्रत्येकाच्या घरच्या मेलवर गेलं. आणि वेगळा खर्च नको म्हणून ते कंपनीच्या जाहिराती जिथून जातात तिथूनच गेलं. आठ जणांना पोचलं.

खात्यात एकदम शांतता पसरली. तीन जागांसाठी झगडणारी माणसं एकमेकांशी फार बोलत नाहीत. फक्त ड्योर्टे नावाच्या सहकारी बाईनं कॉफीच्या यंत्रापाशी हळूच विचारलं, “तुला पत्र आलं?”

“कसलं पत्र?”

“राहायचं की जायचं, त्याचं.”

“मला नाही आलं,” गेरोल्ड म्हणाला. ड्योर्टेनं त्याच्याकडे वर बघितलं. त्या बघण्यात त्याला आदर दिसला.

त्यानं सरळ हिशेब केला. ज्यांचं डळमळीत आहे त्यांना पत्र गेलं. ज्यांच्याशिवाय चालणारच नाही त्यांना कशाला विचारतील? त्या संध्याकाळी त्यानं आल्मुटकडून फसफसणाऱ्या वाईनची बाटली काढून घेतली, जी खरं तर तिच्या साठीसाठी राखून ठेवलेली होती. गुरुवारी त्यानं ड्योर्टेला कुंडीतलं एक रोप दिलं आणि माणसाचं आयुष्य नोकरीपाशी संपत नाही, वगैरे सांगितलं. ती थँक्यू म्हणाली आणि कुंडी घेऊन गेली. हे सगळं नंतर आठवून गेरोल्डला इतकी लाज वाटली की पुढे महिनाभर तो कॉफी घरून नेत होता.

सोमवारी जाणाऱ्यांची यादी लागली. तीत सर्वांत वर विटकोप.

मनुष्यबळ खात्याच्या फ्राउ डॉक्टर कुहलमान सभ्य बाई होत्या. त्यांनी गेरोल्डला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि त्याची फाइल पडद्यावर उघडली. तो मोठ्यानं म्हणाला की मला पत्रच मिळालं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, “कारण तुम्हीच नको म्हणालात, हेर विटकोप. सतरा वेळा. आम्ही सगळे जरा दुखावलोच.”

मग त्यांनी एकेक नोंद वाचून दाखवली. शनिवारी सात वाजून बावन्न मिनिटं, कारण: मजकूर कंटाळवाणा. आठ वाजून दहा मिनिटं, कारण: मजकूर कंटाळवाणा. रात्री नऊ, कारण: भाषा लाडीगोडीची वाटते. गेरोल्ड आपल्याच लेखणीवरचे अभिप्राय आपल्याच नावानं ऐकत बसला होता. शेवटी रविवारी सकाळी दहा चाळीस, पर्याय दुसरा. त्याच्या खालच्या मोकळ्या चौकटीत लिहिलं होतं: ‘यापुढे मला काहीही पाठवू नये.’

“वाईट याचं वाटतं,” फ्राउ कुहलमान म्हणाल्या, “की सेवा बघता पहिली जागा तुम्हालाच मिळाली असती.”

गेरोल्ड तिथून तडक आपेलांकडे गेला. नाव पुन्हा यादीत घालता येईल का? जरूर येईल, आपेल म्हणाले, तुमची संमती हवी. ती कशी द्यायची? तुम्हाला एक मेल येईल, तिच्यातलं बटण दाबायचं. येईल? नाही येणार, तुमचा पत्ता बंद आहे. हे सांगताना आपेलांना वाईट वाटत होतं, पण आपण बसवलेलं कुलूप इतकं चोख लागतं याचं थोडं समाधानही त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मात्र ते दुष्ट नव्हते. त्यांनी फ्राउ कुहलमानना फोन केला आणि दोघांनी मिळून वाट काढली. तो दुसरा पर्याय ज्यानं दाबला त्याच्या सहीचा कागद गेरोल्डनं गुरुवारी दुपारी बारापर्यंत आणावा. आपेलांनी लगेच मजकूर टाइप करून दिला: ‘सदर बटण मी चुकून व हेर विटकोप यांच्या नकळत दाबले.’ दाबणारा कोण, हे मात्र कंपनीला ठाऊक नव्हतं. नोंदीत सगळीकडे गेरोल्डच होता.

तेव्हा सोमवार संध्याकाळपासून गेरोल्ड विटकोप दारोदार फिरू लागला.

शेजारचे हेर ग्रोटे आयकर खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि तीत छिद्रं पाडून लावलेला कागद दाखवला. नाव कमी केल्याची पोच त्यांनी छापून घेतली होती. पर्याय पहिला. दुसरा त्यांना अवाजवी वाटला होता. मग त्यांना शंका आली की पोचेवर नाव विटकोपांचं आहे, म्हणजे आपलं नाव अजून कुठल्यातरी यादीत शिल्लक आहे. ते तसं नाही असं लेखी द्या, म्हणून त्यांनी गेरोल्डला अर्धा तास बसवून ठेवलं आणि लिहून घेतलं.

समोरच्या फ्राउ निपर यांनी केक कापला. त्यांनी बटण दोनदा दाबलं होतं, कारण पहिल्या खेपेला पडद्यावर आभार मानले नव्हते; नोंद मात्र एकदाच झाली होती. पर्याय पहिलाच. माणसानं वकिलाचा खर्च भागवणारा विमा काढून ठेवावा असा सल्ला त्यांनी दिला. असे विमे काढल्यानंतर घडलेल्या गोष्टींनाच लागू पडतात, हे गेरोल्डनं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणूनच तर आधी काढायचा असतो.”

मंगळवारी क्लबात खुंट्या बाजूला राहिल्या. सहाही जणांनी बटण दाबल्याचं कबूल केलं. गेरोल्डचा पत्ता कुणीतरी चोरला असणार, तो स्वतः असलं काही पाठवणार नाही, अशा समजुतीनं त्याच्या भल्यासाठी दाबलं होतं. पर्याय कुठला, हे विचारल्यावर मात्र दीड तास चर्चा झाली. दुसऱ्याच्या नावानं बटण दाबल्याचं लिहून देणं म्हणजे गुन्ह्याची कबुली होते का, असा मुद्दा निघाला. क्लबाच्या कुठल्याही सभासदानं कशावरही सही करू नये, असा ठराव पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. खजिनदार तटस्थ राहिले कारण ते गेरोल्डचे जवळचे. शेवटी प्रत्येकानं आपापला फोन टेबलावर उघडून पहिला पर्याय दाखवला, आणि अशी पत्रं पुन्हा पाठवू नयेत एवढं इतिवृत्तात लिहिलं गेलं. मी आहे म्हणून नळी विकली जाते, हे गेरोल्ड त्या मंगळवारी बोलला नाही.

मावसबहिणीसकट उरलेल्यांना आल्मुटनं फोन केले. बुधवारी दुपारपर्यंत सोळा नावांवर खुणा झाल्या. एक उरलं.

“हेन्निंगला फोन मी नाही करणार,” आल्मुट म्हणाली. “तिथे तू जा.”

हेन्निंग वेझर नदीच्या पलीकडे राहायचा. शाळेत एकाच बाकावर, मग नऊ वर्षं एकाच गायनमंडळात, आणि त्याच्या बागेतली लाकडी खोली दोघांनी मिळून बांधलेली. दोन वर्षांपूर्वी हेन्निंगची बायको गुड्रुन वारली. गेरोल्ड तेव्हा तापानं पडला होता, दफनाला जाता आलं नाही. आल्मुटनं दोघांच्या वतीनं कार्ड पाठवलं. आपण सवडीनं स्वतंत्र पत्र लिहायचं, लिहिणं हा आपला धंदाच आहे, मग नीट लिहू, असं गेरोल्डनं ठरवलं होतं. एक महिना गेला, मग सहा, आणि मग इतका उशीर झाल्याचं काय कारण द्यायचं हेच सुचेना म्हणून राहूनच गेलं.

साडेचार वाजता हेन्निंगनं दार उघडलं. तो स्वयंपाकघरात एकट्यापुरता शतावरीच्या देठांची सालं काढत होता. त्यानं हात पुसले, कागद घेतला, दोनदा वाचला.

“‘चुकून’ लिहिलंय इथे,” तो म्हणाला.

“ते आपलं नियमापुरतं. सही केलीस की झालं.”

“मी चुकून नव्हतं दाबलं.”

हेन्निंग सुरीनं सालं एका बाजूला गोळा करू लागला.

“रविवार होता. तुझं नाव दिसलं. चष्मा वर राहिला होता, तो आणायला जिना चढून गेलो. उतरताना वाटत होतं, आलं एकदाचं. गुड्रुनबद्दल असेल.” तो थांबला. “पिंपावर वीस टक्के सूट होती.”

“ते सगळ्यांनाच पाठवलं होतं, हेन्निंग. तुलाच म्हणून नाही,” गेरोल्ड घाईनं म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की यापेक्षा वाईट काही बोलता आलं नसतं.

“ते लक्षात आलं. म्हणून तर लिहिलं, काही पाठवू नये म्हणून. मी कंपनीला नव्हतं लिहिलं, तुला लिहिलं होतं. ते कुणाकडे जातं मला काय माहीत.”

त्यानं खणातून पट्टी आणि पेन काढलं, ‘चुकून’ या शब्दावर सरळ रेघ मारली, ‘नकळत’ तेवढं बरोबर आहे म्हणाला आणि तारखेसकट सही केली.

“नोकरी राहील ना यानं?”

“राहील.”

“मग बरं झालं,” हेन्निंग म्हणाला. हे तो मनापासून म्हणाला, आणि मग दारापर्यंत सोडायला आला.

गुरुवारी पावणेबाराला फ्राउ कुहलमाननी कागद तपासला. खोडलेल्या शब्दावर त्यांचं बोट क्षणभर थांबलं, पण नियमाला हवी होती ती दुसऱ्याची सही, आणि ती होती. त्यांनी शिक्का मारला. जाणाऱ्यांच्या यादीतून विटकोप हे नाव कमी झालं आणि ड्योर्टेचं चढलं. स्वेन्यानं त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि फळ्यावरचा सतरा हा आकडा अजून कुणी मोडला नसल्याची आठवण करून दिली.

रविवारी गेरोल्ड चांगला जाड कागद घेऊन हेन्निंगला पत्र लिहायला बसला. ‘प्रिय हेन्निंग’ लिहून झालं. ‘तुझी आठवण आली’ असं लिहिलं आणि खोडलं, कारण ते गेल्या शरद ऋतूत नळ्यांसाठी वापरलेलं होतं. ‘बरेच दिवस झाले’ हे कात्र्यांचं होतं. ‘खास तुझ्यासाठी’, ‘मनापासून’, ‘उशीर झाला असला तरी’ ही सगळी या ना त्या हंगामात कंपनीच्या कामी येऊन गेलेली होती. गुड्रुनचं नाव त्यानं दोनदा लिहिलं, पण तिच्यापुढे ठेवायला एकही वाक्य त्याला मिळालं नाही. आल्मुट दोनदा येऊन चहा ठेवून गेली. जेवायच्या वेळेपर्यंत चार कागद फाटले आणि पाचवा कोराच राहिला.

सोमवारी तो कंपनीचं उन्हाळ्याचं पत्र लिहायला बसला. ते वीस मिनिटांत झालं.